गाडी उभी ठेवू नका : जुन्या अमेरिकन गाड्यांबद्दल वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात मी माझ्या 1974च्या डॉज डार्टबद्दल थोडंसं लिहिलं होतं, 1987 साली सॅन होजेमध्ये एका रिटायर्ड शिक्षिकेकडून 900 डॉलरला घेतलेली गाडी, आजही घरात आहे आणि आठवड्यातून तीन-चार दिवस रस्त्यावर असते. तिच्या मीटरला पाचच आकडे आहेत, 99,999 झालं की परत शून्य, आणि ते शून्य मी दोनदा बघितलंय, दोन्ही वेळा बायको शेजारी बसलेली होती. त्यावर बरीच पत्रं आली. सगळ्यांना उत्तरं देणं शक्य नाही, पण जे प्रश्न पुन्हापुन्हा आले ते इथे घेतोय.

प्रश्न : काका, आमच्या जवळच एका म्हाताऱ्या जोडप्याची 1972ची प्लिमथ व्हॅलियंट विकायला आहे, सहा सिलिंडरची, 225 इंजिन. इंजिन एकदम मस्त चालतंय. ऑफिसला जायला वापरायचा विचार आहे. घेऊ का? (एडिसन, न्यूजर्सी)

तुम्ही इंजिनाचं सांगितलंत पण गाडीच्या पत्र्याचं काहीच लिहिलं नाहीत, आणि न्यूजर्सीत तर आधी पत्राच बघायचा. हे इंजिन मरत नाही हो. 225 म्हणजे 225 क्युबिक इंच, क्रायस्लरचं (डॉज आणि प्लिमथ दोन्ही त्याच कंपनीच्या) ते प्रसिद्ध स्लँट सिक्स, 30 अंशात उजवीकडे कललेलं म्हणून ते नाव. 1960च्या मॉडेलच्या व्हॅलियंटपासून आलं आणि पुढे वीसहून जास्त वर्षं गाड्यांमध्ये बसत होतं. बीडाचा जाडजूड ब्लॉक, 1976पर्यंत फोर्ज्ड, म्हणजे ठोकून घडवलेला क्रँक, चार मोठे मेन बेअरिंग, आणि एवढं करून ताकद जेमतेम, म्हणजे इंजिनावर कधी ताणच येत नाही. कलतं ठेवल्यामुळे बॉनेट खाली घेता आलं आणि एका बाजूला जागा मिळाली, तिथे लांब लांब इनटेकच्या नळ्या बसवल्या. पाना घेऊन हात आत घालायलाही भरपूर जागा आहे, आजच्या गाडीचं बॉनेट उघडलं की हे जास्त जाणवतं.

पण या गाड्यांना वेगळी चासी नाही, सगळी युनिबॉडी आहे, म्हणजे पत्रा गंजला की गाडीचा कणाच गंजला. तुमच्याकडे थंडीत रस्त्यावर मीठ टाकतात. म्हणून जाताना एक लोहचुंबक फडक्यात गुंडाळून घेऊन जा आणि मागच्या चाकांच्या मागे खाली लावून बघा, चिकटला नाही तर आत पुट्टी भरलीय. पुढची कार्पेट उचला, काचेखालच्या जाळीतून पाणी गळून तिथे फ्लोअर सडतो. डिकीतला रबरी मॅट काढा. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे गाडी लिफ्टवर चढवून खालून बघा, पुढचं सस्पेन्शन टॉर्शन बारचं आहे, म्हणजे स्प्रिंगऐवजी पिळणाऱ्या लांब सळया, ते बार मागे ज्या आडव्या मेंबरमध्ये अडकवलेले असतात तो मेंबर पापुद्रे सुटल्यासारखा दिसला तर आजी-आजोबांना नमस्कार करून घरी या. इंजिन कितीही मस्त असू दे. इंजिन दुसरं मिळतं, तो मेंबर सडलेली गाडी नीट करायला गाडीच्या किमतीच्या दुप्पट पैसे जातात.

पत्रा चांगला असेल तर खुशाल घ्या. एकच सांगतो, स्वस्तातला क्लासिक इन्शुरन्स घ्याल तर त्याच्या अटी नीट वाचा, रोज ऑफिसला जायला तो बहुतेक चालत नाही, साधा इन्शुरन्स घ्यावा लागेल.

प्रश्न : दादा नमस्कार, माझे मिस्टर सध्या भारतात आहेत आणि त्यांची 1974ची डार्ट मी सांभाळतेय. परवापासून अजब चाललंय, चावी फिरवली की गाडी लगेच चालू होते आणि चावी सोडली रे सोडली की बंद. गॅरेजवाला म्हणतो कार्बोरेटर बदला, 600 डॉलर. काय करू? (सनीव्हेल)

ताई, कार्बोरेटरला हात लावू देऊ नका. तुम्ही जे वर्णन केलंय ना, "चावी सोडली की बंद", त्यावरून फोनवरसुद्धा सांगता येतं, बॅलास्ट रेझिस्टर गेलाय.

बॉनेट उघडा. इंजिनाच्या मागे जी पत्र्याची भिंत आहे तिच्यावर एक पांढरा चिनीमातीचा तुकडा स्क्रूने बसवलेला दिसेल, साधारण तुमच्या मधल्या बोटाएवढा, त्याला दोन्हीकडून वायरी येतात, 1974च्या गाडीला मिळून चार. त्याचं काम एवढंच की इंजिन चालू असताना इग्निशन कॉइलला जाणारा करंट कमी करायचा, नाहीतर कॉइल जळेल. आता सेल्फ मारताना बॅटरीवर लोड येतो, व्होल्टेज पडतं, म्हणून तेवढ्यापुरता कॉइलला या तुकड्याला टाळून थेट करंट देतात. तुकडा जळला तरी सेल्फवर गाडी चालू होणार, कारण तेव्हा तो वाटेत नाहीच. चावी सोडली की करंट परत त्याच्यातून जायला बघतो आणि तिथे रस्ताच तुटलाय.

नवा घेताना गाडीचं साल सांगा, चार पिनांचा द्या म्हणा, थोड्या डॉलरमध्ये मिळतो. गाडी बंद करून गार होऊ द्या कारण तो तुकडा चांगला असतानाही चटका बसेल इतका तापतो. आधी मोबाईलवर वायरींचा फोटो काढा, एक स्क्रू, चार वायरी, झालं. आणि दोन घ्या, दुसरा ग्लव्ह बॉक्समध्ये टाकून ठेवा स्क्रूड्रायव्हरबरोबर. माझ्याकडे 1991पासून तिथे जादाचा असतोच, त्या वर्षी आम्ही योसेमिटीहून येताना मर्सेडच्या अलीकडे रात्री असेच अडकलो होतो, मुलगी चार वर्षांची, मागच्या सीटवर झोपलेली. एका ट्रकवाल्याने थांबून टॉर्च धरला आणि त्याच्याच डब्यातला जुना रेझिस्टर बसवून दिला, पैसे घेतले नाहीत. तेव्हापासून दोन ठेवतो, एक माझ्यासाठी आणि एक कोणी रस्त्यात अडकलेलं दिसलं तर.

नवा बसवूनही तसंच झालं तर मग चावीचा स्विच किंवा त्याच भिंतीतून वायरी आरपार जातात तो मोठा कनेक्टर बघायला लागेल. तो कनेक्टर तसाही बघाच. या गाड्यांमध्ये चार्जिंगचा सगळा करंट त्या कनेक्टरमधून डॅशबोर्डवरच्या अँपिअर मीटरपर्यंत जाऊन परत येतो, पन्नास वर्षांत तिथल्या पिना सैल होतात, तापतात, आजूबाजूचं प्लॅस्टिक तपकिरी पडतं. तपकिरी दिसलं तर चांगल्या ऑटो इलेक्ट्रिशियनकडून फ्युजिबल लिंक (करंट वाढला की आधी स्वतः जळणारा वायरीचा तुकडा) टाकून वेगळी जाड वायर ओढून घ्या. या गाडीत आग लागण्यासारखी जागा मला हीच एक वाटते, इथे पैसे वाचवू नका.

मिस्टरांना कळवा की गाडी छान आहे.

प्रश्न : माझ्या डार्टचं इंजिन शिलाई मशीनसारखा टिकटिक आवाज करतं. मेकॅनिक म्हणाला इंजिन खोलावं लागेल. खरंच का? (फ्रीमाँट)

टॅपेट सेटिंग शेवटचं कधी केलंत? मला वाटतं कधीच नाही, कारण आता ते करणारी माणसंच उरली नाहीत, बहुतेक नव्या मेकॅनिकनी अशी गाडी बघितलेलीच नसते, त्यांना दोष नाही देत.

या इंजिनाला 1980पर्यंत सॉलिड टॅपेट होते, म्हणजे वाल्वची फट हातानेच सेट करायची. इनटेकला 10 थाऊ, एक्झॉस्टला 20 थाऊ, म्हणजे इंचाचा हजारावा भाग गुणिले दहा आणि वीस, आणि हे इंजिन पूर्ण गरम असताना. मी अर्धा तास गाडी फिरवून आणतो, वरचं झाकण काढतो आणि इंजिन अगदी हळू चालू ठेवून करतो. बारा रॉकर एकामागून एक वर-खाली होत असतात, गरम ऑइलचे बारीक थेंब मनगटावर उडतात, आणि फीलर गेजची, म्हणजे फट मोजायची, पातळ पट्टी रॉकर आणि वाल्वच्या मध्ये सरकवायची. बरोबर फट असेल तर पट्टी लोण्यातून सुरी ओढल्यासारखी जराशी अडत येते. मोकळी आली तर स्क्रू किंचित आवळा, पकडून ठेवली तर सोडा. पहिल्यांदा मला तीन तास लागले होते, आता चाळीस मिनिटं.

आणि हे लक्षात ठेवा, थोडी टिकटिक राहिलीच पाहिजे. आवाज नको म्हणून घट्ट करून टाकतात लोक, मग एक्झॉस्ट वाल्व नीट बसत नाही, गरम वायू फटीतून सुटतो आणि वाल्व जळतो, तेव्हा मात्र हेड खोलावंच लागतं. टिकटिक करणारी डार्ट ठणठणीत असते, एकदम गप्प झाली तर मला काळजी वाटते.

झाकण उघडलंच आहे तर एक्झॉस्ट मॅनिफोल्डचे, म्हणजे इंजिनातला धूर गोळा करून बाहेर नेणाऱ्या भागाचे, नट पण बघा पण जोर लावून आवळू नका. फक्त 10 फूट-पाउंड, त्याहून जास्त नाही. हा मॅनिफोल्ड तापला की लांबतो, त्याला सरकायला वाव लागतो म्हणूनच टोकाला खास वॉशर दिलेत. ताकदवान माणूस आला, लांब पाना लावला की मॅनिफोल्डला तडा.

प्रश्न : सर, आमच्या आजोबांची 1953ची प्लिमथ आहे, प्रीमियर कंपनीची, 1988पासून गोठ्याशेजारच्या शेडमध्ये उभी. वडिलांची इच्छा आहे की ती परत चालू व्हावी. बॅटरी लावून स्टार्ट मारून बघू का? (कोल्हापूर जिल्हा)

नको. कृपा करून बॅटरी लावू नका अजून.

तुमचं पत्र वाचून मला फार बरं वाटलं खरं सांगतो. अमेरिकेतल्या लोकांना मी सांगतो की क्रायस्लरच्या गाड्या आमच्या कुर्ल्यात जोडल्या जायच्या तर त्यांना खरंच वाटत नाही. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी 1944 साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली, क्रायस्लरशी करार केला आणि 1947पासून डॉज, प्लिमथ, डिसोटो कुर्ल्याहून बाहेर पडायला लागल्या. फिएट नंतरची. तुमच्या शेडमधली गाडी त्या पहिल्या काळातली आहे.

त्यात स्लँट सिक्स नाही, त्याच्या आधीचं फ्लॅटहेड सहा सिलिंडर आहे, वाल्व बाजूला ब्लॉकमध्येच. पस्तीस-सदतीस वर्षं उभी आहे म्हणजे पिस्टनच्या रिंगा सिलिंडरला आणि वाल्व गाइडमध्ये चिकटलेले असणार, जबरदस्तीने सेल्फ मारला तर काहीतरी मोडेल. सहाही प्लग काढा, प्रत्येक भोकात दोन चमचे पातळ ऑइल टाका, चार दिवस विसरा, परत टाका. मग टॉप गिअरमध्ये टाकून दोन माणसांनी गाडी हळूच पुढे-मागे हलवून बघा, नाहीतर हँडलने. इंच-दोन इंच जरी फिरलं तरी जिंकलात. पूर्ण मोकळं फिरायला लागलं की ऑइल बदला, टाकी उतरवून धुवून घ्या, आत जुन्या पेट्रोलचा गूळ झालेला असेल.

मग रेडिएटर आणि वॉटर पंप काढा. पंपाच्या मागे ब्लॉकमध्ये एक लांब चपटी पत्र्याची नळी आडवी घातलेली असते, ती थंड पाणी मागच्या सिलिंडरपर्यंत पोचवते. ही नळी सडते, हमखास सडते. मग पुढचे सिलिंडर गार आणि मागचे दोन भाजून निघतात आणि लोक रेडिएटर बदलत बसतात. ती ओढून काढायला एक अख्खा दिवस लागू शकतो, तुकड्या-तुकड्यात येईल, पण ती बदलल्याशिवाय गाडी घाटात नेऊ नका. इथे अमेरिकेत नवी मिळते, कोणी येणार-जाणारं असेल तर मागवता येईल.

अजून तीन गोष्टी. एक, तुमची गाडी मूळची 6 व्होल्टची आणि पॉझिटिव्ह अर्थची आहे, म्हणजे बॅटरीचा प्लस बॉडीला. हल्लीचा पोरगा सवयीने उलटी जोडेल, तिथे उभं राहून लक्ष द्या, आणि केबल जाडच पाहिजेत, 12 व्होल्टच्या बारीक केबलवर सेल्फ रडतो आणि लोक म्हणतात सेल्फ खराब. दोन, डाव्या बाजूच्या चाकांचे बोल्ट उलट्या आट्यांचे आहेत, ते घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरवले की सुटतात, हे माहीत नसल्यामुळे कितीतरी बोल्ट मोडलेत. तीन, ब्रेकचं मास्टर सिलिंडर पायाखाली फ्लोअरच्या खाली आहे आणि एकच सर्किट आहे, एक होज फुटला की चारही चाकांचा ब्रेक गेला. गाडी चालू व्हायच्या आधी ब्रेक पूर्ण नवे करा.

कागदपत्रांचं, आधी घरात जुनं आरसी बुक शोधा, जुन्या ट्रंका, देवघरामागचं कपाट, सगळं. भारतात जुलै 2021मध्ये नियम आलाय, 50 वर्षांपेक्षा जुन्या आणि मूळ स्वरूपातल्या गाडीला व्हिंटेज म्हणून नोंदता येतं, नंबरात व्हीए अक्षरं येतात, पहिल्या नोंदणीची फी 20,000 रुपये आणि ती दहा वर्षं चालते. पण मग ती रॅली, प्रदर्शन, पेट्रोल भरणं, दुरुस्ती असल्याच कामांसाठी रस्त्यावर आणता येते, रोज बाजाराला नाही. वडिलांचं वय बघता नोंदणी आणि दुरुस्ती दोन्ही एकदम सुरू करा, एकापाठोपाठ एक नको.

प्रश्न : कुठलं पेट्रोल, कुठलं ऑइल? शिशाचं ॲडिटिव्ह टाकावं का? (तिघांनी विचारलंय)

साधं 87 ऑक्टेनचं. स्लँट सिक्सचं कॉम्प्रेशन 8.4 आहे, महागडं पेट्रोल म्हणजे पैसे वाया. शिशाचं मी कधीच टाकलं नाही, गाडी बिनशिशाच्या पेट्रोलवर दोन लाख मैल चाललीय. इथेनॉल मात्र जुन्या रबराला खातं, पेट्रोलच्या सगळ्या रबरी नळ्या इथेनॉल चालणाऱ्या घेऊन एकदा बदलून टाका. ऑइल जुन्या गाड्यांसाठी असतं ते जस्ताचं प्रमाण जास्त असलेलं 10डब्ल्यू-30, साधारण पाच क्वार्ट, 3,000 मैलांना.

प्रश्न : मी भारतात दोन महिने जातो तेव्हा गाडी झाकून ठेवतो. आल्यावर चालू केली आणि ड्राइव्हमध्ये टाकली की पुढे सरकतच नाही, मग एकदम झटका देऊन जाते. गिअरबॉक्स गेला का? (टोरांटो)

नाही गेला. उभ्या गाडीत टॉर्क कन्व्हर्टरमधलं (इंजिनाची ताकद गिअरबॉक्सला देणारा ऑइलचा डबा) ऑइल खाली उतरतं, आणि क्रायस्लरच्या या टॉर्कफ्लाइट ऑटोमॅटिक गिअरबॉक्सची खोड अशी की पार्कमध्ये ठेवलं तर ते परत भरत नाही. हँडब्रेक लावा, न्यूट्रलमध्ये टाका, मिनिट-दीड मिनिट इंजिन चालू ठेवा आणि मग ड्राइव्ह. गिअर ऑइलची काडीसुद्धा गाडी चालू ठेवून न्यूट्रलमध्येच बघायची असते.

पण मूळ दुखणं दोन महिन्यांचं उभं राहणं आहे. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी ओढतं, सिलिंडर आतून गंजतात, सील कडक होतात, पेट्रोल शिळं होतं, उंदीर वायरी खातात. माझ्या गाडीला अडतीस वर्षांत जी मोठी दुखणी झाली त्यातली निम्मी एकाच वर्षातली आहेत, 2003, मी आईच्या आजारपणात सात महिने पुण्यात होतो आणि गाडी गॅरेजमध्ये झाकून होती. वॉटर पंप, चारी व्हील सिलिंडर, सायलेन्सर, टाकी. मित्राला चावी देऊन जा, म्हणावं पंधरा दिवसांतून एकदा वीस मैल फिरवून आण, नुसती जागेवर चालू करून बंद करणं उलट वाईट, इंजिनात पाणी साठतं.

प्रश्न : नातवंडांना डार्टमधून फिरवता का? सुरक्षित आहे का हो? (पुणे)

खरं उत्तर देतो. 1974च्या गाडीला दोन सर्किटचे ब्रेक आहेत, पुढे खांद्याचे पट्टे आहेत, स्टिअरिंगचा दांडा दबणारा आहे. त्या एका वर्षी तर अमेरिकेत असा नियम होता की पट्टा लावल्याशिवाय गाडी स्टार्टच होणार नाही, सीटवर तांदळाची जड पिशवी ठेवली तरी गाडी तिला माणूस समजायची आणि अडून बसायची, लोक इतके वैतागले की त्याच वर्षी संसदेने तो काढून टाकला. पण एअरबॅग नाही, एबीएस नाही आणि धडक झाली तर आजच्या साध्या छोट्या गाडीएवढीसुद्धा ती आतल्या माणसाला वाचवणार नाही. मी नातवंडांना सकाळी गल्लीतून आईस्क्रीमच्या दुकानापर्यंत नेतो, फ्रीवेवर नाही. तिथे मुलीची गाडी घेतो. गाडीवर माझं प्रेम आहे म्हणून त्यांचा जीव मी पणाला लावणार नाही.

प्रश्न : बाबा 78 वर्षांचे आहेत, त्यांच्याकडे 1968ची व्हॅलियंट आहे, 45 वर्षं. आता हात थरथरतात, खाली वाकता येत नाही. विका म्हटलं की गप्प बसतात. मला गाड्यांतलं काही कळत नाही. काय करावं? (ह्यूस्टन)

विकायचा विषय महिनाभर बंद ठेवा. त्यांच्याकडे एखादी वही असेल, नसेल असं होणारच नाही, 45 वर्षं एक गाडी ठेवणाऱ्या माणसाकडे ऑइल कधी बदललं, पंप कधी बसवला, किती मैलांना, हे कुठेतरी लिहिलेलं असतंच, पेट्रोल पंपाच्या पावत्यांच्या मागे का होईना. ती मागून घ्या आणि त्यांच्यासमोर बसून वाचा. माझ्या वहीत पहिली नोंद 1987ची आहे, "फॅन बेल्ट, 6 डॉलर 40 सेंट", आणि तिच्या बाजूला तेव्हाच्या घराचा फोन नंबर, मुलीने ती वही वाचायला घेतली तेव्हा तिला गाडीपेक्षा तो नंबर बघून जास्त काहीतरी झालं.

मग एखाद्या रविवारी टॅपेटचं काम काढा. वाकायचं काम तुम्ही करा, झाकण तुम्ही काढा, पाना तुम्ही धरा. फीलर गेज मात्र त्यांच्या हातात द्या आणि पट्टी तुम्ही दोघं मिळून सरकवा, म्हणजे अडणं म्हणजे नेमकं किती अडणं ते तुमच्या बोटांना त्यांच्याकडून कळेल, लिहून ते कोणाला समजावता येत नाही. त्यानंतरही विकावीशी वाटली तर मला कळवा, चांगलं घर मी शोधून देईन. आणि तुमची गाडी 1968ची आहे म्हणून आठवलं, डाव्या चाकांचे नट तुमचेही उलट्या आट्यांचेच आहेत, पंक्चरवाल्याला आधीच सांगा.